गव्हाणीतल्या बाळाची पाचवी

आमच्या घरात संशय मिठासारखा होता, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर पडायचाच. माझी आई चिंचणीहून मासळीची पाटी घेऊन डहाणूला जायची. तिथे रेल्वेतल्या एका ख्रिस्ती गार्डाचं घर तिचं जुनं गिऱ्हाईक होतं. नाताळला त्या घरची बाई आईला करंज्या आणि केकचा तुकडा द्यायची. आई दोन्ही हातांनी घ्यायची, "बाई, तुमच्या पोराबाळांचं बरं होवो" म्हणायची, आणि परतताना सगळं खाडीत टाकून यायची. का, तर वसईकडे म्हणे फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं गावच्या गाव बाटलं. "नाही म्हटलं तर गिऱ्हाईक तुटतं, खाल्लं तर धर्म जातो. माशांना कुठे धर्म असतो?" असं तिचं म्हणणं. मग तेच मासे धरून आपण आपल्याच घरी खातो त्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर पाठीत धपाटा बसला.

अशा घरातली मी, शिकून तलासरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले. वय बावीस, अंगावर पांढरी साडी आणि डोक्यात आईची सगळी शिकवण. डॉक्टर आठवड्यातून दोनदा डहाणूहून यायचे. एरवी दवाखान्यात मी आणि कंपाउंडर. हा कंपाउंडर देव मानत नसे. गणपती नाही, सत्यनारायण नाही, नाताळ तर नाहीच नाही. "सगळे सण म्हणजे गरिबाला गप्प बसवायची औषधं," असं तो बाटल्या धुता धुता मोठ्याने म्हणायचा. पण अमावास्येला औषधांची नवी पेटी उघडायला सांगा, लगेच त्याला दुसरं काम आठवे. मी टोकलं की म्हणे, "तो देवधर्म नाही, ती सवय आहे." बरं बाबा, सवय तर सवय.

तलासरीपासून दोन कोस आत, एका पाड्याच्या कडेला, एका गोऱ्या पाद्रीचं लहानसं मिशन होतं. कुडाच्या भिंतींचं प्रार्थनाघर, चार खोल्या आणि एक विहीर. नाताळात तिथे कामट्यांची चांदणी टांगायचे, तारपा वाजायचा, आणि आसपासच्या पाड्यांवरचे वारली नाचायला जायचे. भात झोडून झालेलं, हाताला सवड, नाचायला कारण कुठलंही चालतं. नाचून, गूळ-चणे खाऊन ते घरी यायचे आणि आपल्या हिरवादेवापुढे, हिमाईपुढे पूर्वीसारखाच नारळ ठेवायचे. कंपाउंडरला मात्र ते पटत नसे. "आज चणे, उद्या पाणी, परवा नाव बदललं," तो म्हणे. त्याच्या या गणिताशी माझी आईसुद्धा सहमत झाली असती, म्हणजे बघा.

त्या पाड्यांवरची सगळी बाळंतपणं एकाच बाईच्या हातची. पन्नाशी उलटलेली वारली सुईण, काटकुळी, बोलायला फटकळ. मी तिला आजी म्हणायची, ती मला बाय. तिला पातं उकळायला, हात साबणाने धुवायला मी शिकवायचं, असा वरून हुकूम आला होता. तिला सरकारी पत्र्याची पेटी दिली होती, कात्री, साबण, बोरिकचा कापूस वगैरे. ती पेटी ती अशी मिरवायची की तहसीलदाराने बॅग तशी मिरवली नसेल. तिला मूल नव्हतं, नवरा कधीच गेला होता. पाड्यावर तिला जो मान होता तो एवढ्याच कारणाने, की त्या घराघरातलं प्रत्येक माणूस पहिल्यांदा रडलं ते तिच्या हातात. म्हातारे सोडले तर सगळेच तिची पोरं. पण सुईणीचं असं असतं, तिच्या हाताबद्दल एकदा शंका आली की संपलं. त्या हातात आपलं पोर कोण देईल?

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं, म्हणूनच पुढचं सांगताना आजही माझा मलाच राग येतो.

दमण घेतलं त्या डिसेंबरातली गोष्ट. लांबून धडधड ऐकू आली, मिलिटरीच्या गाड्या गेल्या, आणि दोन दिवसांत फिरंगी संपला. बाजारात पेढे वाटले. पण त्याच आठवड्यात नाताळ आला आणि लोकांच्या नजरा मिशनकडे वळल्या. तो पाद्री काही पोर्तुगीज नव्हता, कुठल्या तरी भलत्याच देशाचा होता, पण गोरा तो गोरा. "याच्याकडे वायरलेस असणार," चहावाला सांगायचा. "ती चांदणी कशाला टांगतात उंच? विमानाला खूण." कंपाउंडरने मला बजावलं, "तुम्ही पाड्यांवर फिरता. डोळे उघडे ठेवा." मला सांगायची गरजच नव्हती. माझे डोळे जन्मापासून उघडेच होते.

नाताळानंतर चौथा की पाचवा दिवस. सकाळी मी देवीच्या लशी टोचायला निघाले होते. पायवाटेवर पुढे आजी दिसली. डोक्यावर सूप, सुपावर फडकं झाकलेलं, बरोबर कोणी नाही. मी हाक मारणार तोच ती मिशनच्या वाटेला वळली. हाक माझ्या तोंडातच राहिली. सुपातून मिशनला काय चाललंय? आणि एकटी का? मी लशीचा डबा पोटाशी धरून तिच्यामागे निघाले. सरकारी नर्स करवंदीच्या जाळ्यांआडून लपतछपत चाललेली! काटे लागून साडी फाटली, तरी माझं आपलं चालूच.

प्रार्थनाघराच्या खिडकीला कामट्यांची जाळी होती. तिथून मी आत बघितलं. पुढच्या बाजूला पेंढ्याची गव्हाण मांडलेली, त्यात मातीचं बाळ. आजी गव्हाणीसमोर बसली होती. तिने ते बाळ उचललं, मांडीवर घेतलं, आणि सुपातून एक छोटी बाटली काढून बाटलीतल्या पाण्याचे थेंब त्याच्या डोक्यावर शिंपडले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मग तिने जमिनीला डोकं टेकलं. पाद्री बाजूला हात जोडून उभा.

असं आहे तर! सगळे मिशनच्या चांदणीवर नजर ठेवून बसलेत, आणि याने गाठली सुईण. डोक्यावर पाणी घालून पोर कसं बाटवायचं ते तिला बाहुलीवर शिकवतोय. उद्या पाड्यावर पोर जन्मलं की नाळ कापायच्या आधी हिचं पाणी त्याच्या डोक्यावर. आईबापाला पत्ताही नाही. आईची विहीर मला आठवली. मी तशीच मागे फिरले. लशी त्या दिवशी कुणालाच टोचल्या नाहीत.

मी फक्त कंपाउंडरला सांगितलं. खरंच, फक्त त्याला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याचं झालं, आणि त्याच्याआधी माझं. पुढच्या आठवडी बाजारात सुक्या बोंबलांच्या ढिगाशीसुद्धा हेच बोलणं. सुईण बाटली. सुईण पोरांच्या डोक्यावर पाद्रीचं पाणी घालते. नर्सबाईने डोळ्यांनी बघितलं. त्या गर्दीत माझ्याकडे कौतुकाने बघणारे चेहरे मी पाहिले, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

मग दवाखान्यात बाया यायला लागल्या. कडेवर पोर, कुणाचं सहा महिन्यांचं, कुणाचं दोन वर्षांचं. सगळी आजीच्या हातची. "बाय, बघ ना, याच्यावर पाणी घातलाय काय?" मी काय बघणार? टाळूवर लिहिलेलं असतं का? एकीने तर पोराचं डोकं राखेने घासून घासून लाल केलं होतं. तिला मी मलम लावून दिलं. पण तेव्हाही मी गप्प बसले.

पाड्यावर मोठी माणसं बसली आणि ठरवलं, हिला बोलवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी दवाखान्यात आली. तिने पत्र्याची पेटी माझ्या टेबलावर आपटली. आतली कात्री खणकन वाजली.

"घे तुझा सरकार. मी पाद्रीचं पाणी घालते काय? तू बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. "त्या बाळाच्या डोक्यावर तू घातलंस."

"पाणी? मोहाची होती ती! पाचवीला मोहाची नाय शिंपडायची तं काय तुझा डेटॉल शिंपडू?"

कंपाउंडर आतून काचेची बाटली हातात तशीच धरून बाहेर आला.

"कोणाची पाचवी?" मी विचारलं.

आजी माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी नर्स नसून दुकानातली बरणी आहे. मग खाली बसली आणि बोलली. तीन वर्षं ती नाताळाला तिथे नाचायला जात होती. तीन वर्षं बघत होती. गोरा पाद्री पोर मांडतो, दिवे लावतो, गाणी म्हणतो, सगळं हौसेने करतो. आणि पाचव्या दिवशी? काही नाही. ना सूप, ना तांदळाची रास, ना दिवा. सटवाई येते, बघते, कोणी बसायला पाट दिला नाही, कोणी काही मागितलं नाही, आणि रागाने भलतंच लिहून जाते.

"आन काय लिवलंन ते तिथंच वर टांगलंय ना," ती म्हणाली. "भिंतीवर बघितलं नाय? तोच पोर तो. मोठा झाला आन हातापायात खिळे मारले त्याच्या. उघडा टांगला. मी गोऱ्याला विचारलं, हा कोण? तं म्हणतो, हाच तो पोर. मग मला रातभर झोप येईना. अरे, पाचवी केली असती तं असं झालं असतं? गोऱ्याला आय नाय, बायको नाय, त्याला कोण सांगणार? मी बायांना म्हटलं चला. त्या म्हणाल्या, गोऱ्याच्या पोराची आपल्याला काय पडली? म्हणून एकटी गेली. पोर तो पोर. त्याचं लिहिणं बरं होवो, एवढंच मागितलं मी."

कंपाउंडर हसायला लागला होता, तो मधेच थांबला. मला रडू आलं. वीस-एक वर्षं संशय पोसला मी, पण माणूस असाही विचार करू शकतं, हा संशय मला एकदाही आला नव्हता. बाईने देव बाटवून घेतला म्हणायचा तर घेतला होता, तोही बाळाची कीव येऊन.

"जसं सांगितलंस तसं फिरवून सांग," आजी म्हणाली. "पाड्यावर येऊन सांग." पेटी तिथेच ठेवून ती गेली.

आणि मी काय करावं? शरमेने मरावं ना? मी आधी खात्री करायला मिशनवर गेले! जित्याची खोड. पाद्री ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. त्याने मोडक्या मराठीत सगळं खरं म्हणून सांगितलं. तिने विचारलं तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही. "तुम्ही पाड्यावर येऊन सांगा ना," मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "मी सांगितलं तर ती माझीच बाई ठरेल," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग आवाज खाली करून त्याने मला विचारलं, मी हे कागदावर लिहून कुठे पाठवणार आहे का. प्रार्थनाघरात सुईणीने दारू शिंपडली हे त्याच्या वरच्यांना कळलं, तर त्याची इथून उचलबांगडी ठरलेली होती. मी त्याला घाबरत होते आणि तो मला. शेंगांची टोपली आम्हा दोघांच्या मधे होती आणि दोघांपैकी कोणीही त्यातली शेंग उचलत नव्हतं.

कंपाउंडरला म्हटलं, तुम्ही पसरवलंत, तुम्ही आवरा. तो म्हणाला, "पाणी नसेल, दारू असेल. पाया तर पडली ना? एका खुळचटपणातून दुसऱ्यात. मी कशाला मागे घेऊ?" देव न मानणाऱ्याचं मनही इतकं कडक असू शकतं, हे मी त्या दिवशी शिकले. पण त्याला नावं ठेवून काय उपयोग? मी स्वतः तरी कुठे जात होते? आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे गेले. लोक म्हणतील नर्सला मिशनने फितवली, ही भीती. आणि त्याहून मोठी भीती, की मी चुकले असं चार माणसांत म्हणावं लागेल.

मग एका दुपारी पाड्याच्या कारभाऱ्याचा माणूस मला बोलवायला आला. कारभाऱ्याची सून अडली होती, सकाळपासून. पूर्वी हे बोलावणं माझ्याकडे आलंच नसतं. मी पेटी उचलली, आजीचीच, आणि धावत गेले.

घराबाहेर चिंचेखाली आजी बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हाकलतही नव्हतं. आत गेले, सुनेला तपासलं आणि माझं अवसान गळालं. पोर पायाळू होतं. पायाळू पोर मी शिकताना दोनदा पाहिलं होतं, तेही डॉक्टरांच्या पाठीमागून. डहाणूला न्यायचं तर बैलगाडी आणि मग एसटी, तेवढा वेळ नव्हता.

मी बाहेर आले आणि कारभाऱ्यासमोर उभी राहिले. पाड्यावरची दहा-वीस माणसं अंगणात होती. जे तीन आठवडे घशात अडकलं होतं ते सगळं बोलून टाकलं. मी चुकले. ते पाणी नव्हतं. ती त्या पोराची पाचवी करायला गेली होती. मी खिडकीतून अर्धं बघितलं आणि उरलेलं मनाने रचलं. तिला आत घ्या, तिच्याशिवाय मला हे जमणार नाही.

कारभारी शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "बाय, तू तेव्हा खोटं बोललीस का आता बोलतेस?"

"तेव्हा."

"मग आता खरं बोलतेस हे आम्ही कसं समजावं? गोऱ्याकडे तू गेली होतीस. शेंगा सोलत बसलेला, तू समोर बसलीस. आमच्या माणसांनी बघितलं." तो थांबला. "तुला काय दिलं त्याने?"

हाच प्रश्न मी आजन्म दुसऱ्यांबद्दल विचारत आले होते. आतून सून किंचाळली. मी आत पळाले.

तेवढ्यात बाहेरून आजीचा आवाज आला. "निजवलीस काय तिला? उठव! उठव तिला, आढ्याचा दोर धरू दे!" कोणीतरी तिला गप्प बस म्हणालं. ती त्याच्यावर ओरडली, "माझा हात नको ना तुम्हाला? नाय लावत हात. बोलणं काय बाटतं का रे?" मग पुन्हा मला, "बाय! पाय दिसला काय?"

"दिसला!"

"ओढू नको. हात मागे घे. हात मागे घेतलास काय?"

मी खरोखर ओढणार होते. हात मागे घेतला. कुडाच्या भिंतीपलीकडून ती विचारत राहिली, मी ओरडून सांगत राहिले. कंबर आली? आली. आता फडक्याने धर, वर नको, खाली झुकव. तिला म्हणावं, थांब. आता म्हणावं, दे जोर. हात आला? दुसरा? मान? सासू सुनेच्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण तिचीही सगळी बाळंतपणं याच आवाजावर झाली होती. शेवटी डोकं सुटलं तेव्हा पोर काळंनिळं होतं. "उलटं धर, पाठ चोळ, तोंडात बोट घाल," बाहेरून आवाज. मी पाठ चोळली. पोर रडलं.

बाहेर अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. आजीचा प्रश्न त्यातूनही ऐकू आला, "काय झालं? पोरगा का पोरगी?"

"पोरगी!" मी ओरडले. नाळ कापली, पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि तशीच उठून दाराकडे निघाले. ती मुलगी आधी तिच्या हातात द्यायची होती मला. आता हे सगळे बघतील आणि संपेल हा तमाशा, असं मला मनापासून वाटलं. उंबरठ्यावर कारभारी उभा होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि नात माझ्याकडून काढून घेतली, अगदी हळुवारपणे. "तिच्याकडे नको," तो म्हणाला. "आता आमची सुईण तू."

चिंचेखाली आजी उभी राहिली होती. तिने मान उंच करून बघायचा प्रयत्न केला, पण मधे माणसं होती. मी तिच्याजवळ गेले. माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते.

"वार पूर्ण पडली काय, बघितलंस?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग इथं काय करतेस? जा आत," ती म्हणाली. "पोट चोळ तिचं. नि त्यांना सांग, वार खोल पुरा, कुत्री उकरतात."

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा चिंचेखाली कोणी नव्हतं. त्या पाड्यांवर पुढची सहा वर्षं मी बाळंतपणं केली, बदली होईपर्यंत. लोक म्हणायचे, नर्सबाईच्या हाताला यश आहे. आजीला पुन्हा कोणीही बोलावलं नाही.